श्रीलंकेला कधी जावं? महिना आधी ठरवा, किनारा मग

पागोळी

फेब्रुवारी उजाडला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "मुलांच्या परीक्षा संपल्या की श्रीलंकेला जायचं म्हणतोय, मेमध्ये पाऊस असतो का गं तिकडे?" या प्रश्नाला हो म्हटलं तरी चूक आणि नाही म्हटलं तरी चूक. दर वेळी अर्धा तास फोनवर बोलण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

आम्ही सहा वर्षं कोलंबोत राहिलो. मी मूळची चिपळूणची, त्यामुळे पावसाचं मला कोणी काही शिकवायला नको अशी माझी समजूत होती. पहिल्याच जूनमध्ये आई-बाबा आले म्हणून त्यांना घेऊन बेंटोटाला गेलो. पाच दिवसांचं बुकिंग. ज्यानं बुकिंग करून दिलं त्यानं समुद्राबद्दल चकार शब्द काढला नाही. पाचही दिवस किनाऱ्यावर लाल बावटा. पाणी गढूळ, लाटा थेट पायऱ्यांपर्यंत. बाबा रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून खाली जायचे, पाच मिनिटं उभे राहून बघायचे आणि तसेच परत यायचे. त्याच आठवड्यात आमचे शेजारी त्रिंकोमालीहून परतले. मुलं उन्हानं रापलेली, पिशवीत शिंपले. तिकडे समुद्र तळ्यासारखा होता म्हणाले. देश तोच, आठवडा तोच, अंतर रस्त्यानं सात-आठ तासांचं.

बाबांचा तो टॉवेल माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

श्रीलंकेत पावसाळे दोन. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, म्हणजे आपलाच. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा. मधल्या दोन फटी, मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, यांना तिथलं हवामान खातं वेगळे ऋतू मानतं, आणि त्यांतही पाऊस असतो, फक्त वेगळ्या तऱ्हेचा. तिथले शेतकरी भाताचे दोन हंगाम याच हिशेबानं घेतात: ईशान्य मोसमीवरचा 'महा' आणि नैऋत्य मोसमीवरचा 'याल'.

देशाच्या मधोमध डोंगर आहेत. सर्वांत उंच पिदुरुतलागल, २५२४ मीटर. आपल्याकडे सह्याद्री जे करतो तेच हे डोंगर करतात. जुलैत महाबळेश्वरला कोसळत असतो आणि घाट उतरून फलटणकडे गेलं की शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो, अगदी तसं. फरक एवढाच की तिकडे काही महिन्यांनी वारा उलटतो आणि पाऊस दुसऱ्या बाजूनं येतो. डोंगराच्या पश्चिम उतारावर काही ठिकाणी वर्षाला ५००० मिमीच्या वर पडतो, आणि आग्नेयेला हंबनटोटाकडे किंवा वायव्येला मन्नारकडे जेमतेम १००० मिमी.

तेव्हा "श्रीलंकेला कधी जावं" हा प्रश्नच बदला. सुट्टी कधी आहे ते आधी धरा आणि त्या महिन्यात कोणती बाजू कोरडी आहे ते बघून मार्ग आखा. फोटो बघून मार्ग ठरवला आणि तो सुट्टीत कोंबला की गडबड होते.

ढोबळ सांगायचं तर डिसेंबर अखेर ते मार्च हा दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्याचा काळ: गॉल, उनावटुना, मिरिसा, हिक्कडुवा. मे ते सप्टेंबर पूर्व किनाऱ्याचा: त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा, अरुगम बे. देवमाशांचंही तसंच. मिरिसाहून डिसेंबर ते एप्रिल, त्रिंकोमालीहून मे ते ऑगस्ट. सिगिरिया, दांबुल्ला, पोलोन्नरुवा, अनुराधपुर हा कोरडा पट्टा, तिथला खरा पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी. एप्रिलमध्ये जवळजवळ सगळीकडे जाता येतं, पण १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असतं. तेव्हा दुकानं बंद, बसगाड्या खच्चून भरलेल्या, ड्रायव्हर आपापल्या गावी. त्याच्या आगेमागे चार दिवस सोडा.

विचारा काय विचारायचं ते. मला जे माहीत आहे ते सांगेन.

गवतीचहा

पागोळीताई, धागा अगदी वेळेवर आला. आम्ही पाच जण: आम्ही दोघं, सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात), मुलं ९ आणि १३. नवऱ्याची रजा १५ ते २५ मे एवढीच मंजूर आहे, त्यात बदल शक्य नाही. डोक्यात मिरिसा होतं, देवमासे बघायचे म्हणून. तुमचं वाचून पोटात गोळा आला. तिकिटं काढून झाली आहेत.

पागोळी

गोळा येऊ देऊ नका, तिकीट मुंबई-कोलंबोचं आहे ना, मिरिसाचं नाही. विमानतळ कोलंबोत नसून कटुनायकेला आहे, नेगोंबोच्या शेजारी. तिथून डावीकडे जायचं की उजवीकडे हे अजून तुमच्या हातात आहे.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात नैऋत्य मोसमी दाखल होतो. मिरिसाच्या बोटी तेव्हा बहुतेक बंद असतात, आणि चालू असल्या तरी त्या समुद्रात सासूबाईंना नेऊ नका. मिरिसा काढा, त्रिंकोमाली घाला. निलावेलीचा किनारा उथळ आहे, मुलांना सोयीचा. देवमासे तिथूनही दिसतात, बोट पहाटे सुटते. ऊन मात्र कडक, ३४-३५ अंश सहज. सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर बाहेर, मधल्या वेळात खोलीत किंवा झाडाखाली.

कोणेश्वरम मंदिर तिथेच आहे, समुद्रात घुसलेल्या कड्यावर. सासूबाईंना आवडेल. वर थोडं चालावं लागतं, संध्याकाळी जा.

दर्यावर्दी

थोडं वेगळं मत मांडतो. मी दोनदा जुलैमध्ये गॉलला गेलो आहे, मुद्दाम. गॉलच्या किल्ल्यात पाऊस बघत बसणं हे सुख आहे. हॉटेलं अर्ध्या दरात, गर्दी नाही, झाडं न्हाऊन निघालेली. पाऊस दिवसभर नसतो, दोन तास पडून जातो. रंबुटान आणि मँगोस्टीनचा हंगामही तेव्हाच, रस्त्याच्या कडेला ढीग लागलेले. पाऊस म्हणजे वाईट असं धरून चालू नये.

पागोळी

दर्यावर्दी, तुमचं म्हणणं मान्य, एक अट घालून. ज्याला पाऊसच बघायचा आहे त्यानं जरूर जावं. मी स्वतः कोलंबोच्या गॅलरीत जूनचा पाऊस तासन्‌तास बघितला आहे. पण वर्षातून एकदाच सुट्टी मिळणाऱ्या, मुलांना समुद्रात खेळवायला निघालेल्या घराला "पाऊस दोन तासच पडतो" असं सांगणं मला पटत नाही. पाऊस दोन तासांत थांबतो, पण समुद्र नाही. वारा नैऋत्येचा असेपर्यंत त्या बाजूचा समुद्र खवळलेलाच असतो, ऊन पडलेलं असलं तरी. बुडण्याच्या घटना अशाच उघडिपीच्या दिवशी होतात, कारण आभाळ निळं दिसतं आणि माणूस आत जातो. लाल बावटा असेल तर घोट्याएवढ्या पाण्यातही नको.

दर्यावर्दी

समुद्राचं बरोबर. मी पाण्यात गेलो नव्हतो, हे लिहायला हवं होतं.

घाटवाट

आम्ही चौघं ट्रेकवाले. श्रीपादचं शिखर आणि हॉर्टन प्लेन्सचं पठार दोन्ही करायचं आहे. ऑगस्टमध्ये जोडून सुट्ट्या आहेत. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक कायम करतो, त्यामुळे भिजण्याची सवय आहे.

पागोळी

श्रीपादचा हंगाम लक्षात ठेवायला आपल्याला सोपा आहे. डिसेंबरातल्या उंदुवप पौर्णिमेला सुरू होतो, म्हणजे आपली मार्गशीर्ष पौर्णिमा, दत्तजयंती. संपतो वेसकला, वैशाखी पौर्णिमेला. हंगामात पायऱ्यांवर दिवे असतात, जागोजागी चहाच्या टपऱ्या असतात, रात्री दोनला चढायला लागलेल्या म्हाताऱ्या बायकाही पहाटे माथ्यावर पोचतात. हंगाम संपला की दिवे बंद, टपऱ्या बंद. २२४३ मीटरचा सुटा सुळका, पश्चिमेचा वारा थेट अंगावर, आणि हजारो ओल्या पायऱ्या. ऑगस्टमध्ये लोक जातात, पण सूर्योदय दिसण्याची शक्यता फार कमी आणि घसरून पाय मोडण्याची बरीच. तुम्ही सराईत आहात, तरी मी नाहीच म्हणेन.

ऑगस्टमध्ये त्याऐवजी डोंगराची पूर्व बाजू घ्या, ऊव प्रांत: हपुतळे, बंडारवेळ, एल्ला. पाऊस पश्चिम उतारावर सांडून वारा इकडे कोरडा होऊन उतरतो. या कोरड्या वाऱ्याला तिथे 'कच्चान' म्हणतात. ऊवच्या चहाला जो खास वास येतो तो याच वाऱ्यामुळे, आणि तिथला सर्वोत्तम चहा जुलै ते सप्टेंबरमध्येच निघतो. (गवतीचहा, तुमच्या नावावरून आठवलं.)

हे सगळं मला पुस्तकातून कळलं नाही, गाडीत बसून कळलं. ऑगस्टात नानुओयाहून (नुवर एलियाजवळचं स्टेशन) एल्लाला निघालो होतो. पट्टिपोल स्टेशनात गाडी उभी होती तेव्हा बाहेर पांढरं धुकं, बारीक झिरमिर, खिडक्या बंद, डब्यात सगळे स्वेटर-शालीत गुरफटलेले. काचेवरून पाण्याच्या रेघा. एक पोरगा इसो वडे विकत होता, कोळंबी लावलेले डाळवडे, वहीच्या जुन्या पानात गुंडाळलेले. माझ्या पुडीवर कुणाची तरी गणितं होती. पट्टिपोल आणि ओहियच्या मध्ये लाईन सर्वांत उंच जाते, १८९८ मीटरवर, आणि तिथे एक बोगदा आहे. गाडी बोगद्यात शिरली, डब्यात अंधार झाला, पोरं नेहमीसारखी ओरडली. बाहेर पडलो तर ऊन. लख्ख ऊन, खाली ऊवचं खोरं पार क्षितिजापर्यंत उघडं. लोकांनी खिडक्या उघडल्या, समोरच्या आजींनी शाल काढून घडी घातली. त्यांना सवय होती. मी पुडी हातात धरून नुसती बघत राहिले.

घाटवाट

पटलं. श्रीपाद पुढच्या डिसेंबरला. हॉर्टन प्लेन्सचं काय? आणि जळवा?

पागोळी

हॉर्टन प्लेन्सला पहाटे फाटकाशी हजर राहा. वर्ल्ड्‌स एंडच्या कड्याला सकाळी नऊच्या आत पोचायचं, नंतर ढग वर येतात आणि कड्याच्या जागी पांढरी भिंत दिसते. थंडी असते, कानटोपी हवी. फाटकावर बॅगा तपासून पॉलिथिन काढून घेतात, बाटलीचं लेबलसुद्धा. म्हणून सामान झिपच्या पिशव्यांत भरून नेऊ नका, कापडी पण पाणी न शिरणारी पिशवी न्या.

जळवा सिंहराजा आणि नकल्सच्या जंगलात खूप. तिथले वाटाडे गुडघ्यापर्यंतचे जाड विणीचे कापडी मोजे देतात, पँट त्यात खोचायची. वरून साबणाचा फेस किंवा सिद्धालेप बाम चोळतात. बाम तिथे कोणत्याही दुकानात मिळतो. चिकटलीच तर ओढून काढू नका, नखानं तोंडाकडून सरकवा.

थर्मामीटर

मी डॉक्टर आहे, कोकणातच दवाखाना आहे. पावसाळी प्रवासाबद्दल दोन गोष्टी.

एक, डेंग्यू. श्रीलंका मलेरियामुक्त आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये तसं जाहीर केलं. डेंग्यू मात्र आहे आणि भरपूर आहे. २०१७ च्या साथीत १ लाख ८६ हजारांवर रुग्ण नोंदले गेले होते. दोन्ही पावसांच्या मागोमाग तो वाढतो. डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्री मच्छरदाणी लावून भागत नाही, सकाळी आणि संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मलम. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीवर म्हणून अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. आपल्याकडे प्रवासाच्या डब्यात हमखास 'कॉम्बिनेशन'च्या गोळ्या असतात, त्या पाकिटावर काय काय लिहिलंय ते वाचून बाजूला काढा. परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना श्रीलंकेला जाऊन आल्याचं आधी सांगा.

दोन, लेप्टो, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणारा ताप. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात, भातखाचरात, ओढ्यात उतरू नका. आपल्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं, सुट्टीवर गेल्यावर विसरतात. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, आपल्या मनानं नको.

तिथली मोफत रुग्णवाहिका १९९० या क्रमांकावर. ही सेवा भारताच्या मदतीनं २०१६ मध्ये सुरू झाली.

निरांजन

आमचं लग्न जूनमध्ये आहे. दिवाळीला जोडून, म्हणजे ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा, एल्ला, नुवर एलिया, कँडी असं ठरवतोय. दर चांगले मिळत आहेत. पाऊस संपलेला असेल ना तोवर?

पागोळी

निरांजन, हे जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडचे लोक सगळ्यांत जास्त इथेच फसतात. आपल्याकडे दिवाळीला आभाळ निवळलेलं असतं, म्हणून तिकडेही असेल असं वाटतं. तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन महिने जवळजवळ सगळ्या बेटावर सर्वांत ओले. दुपारी वीज कडाडत येणारा पाऊस रोजचा, आणि त्यावर बंगालच्या उपसागरातल्या वादळांची भर. २०२५ च्या नोव्हेंबर अखेरीस दित्वा चक्रीवादळानं डोंगरभागात काय केलं ते आपण बातम्यांत पाहिलं. शेकडो माणसं गेली, रेल्वेची लाईन ठिकठिकाणी उखडली.

२०१४ साली जुलै अखेरीस आपल्याकडे माळीण झालं. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला कोस्लंदजवळ मीरियाबेद्द इथे चहामळ्यातल्या मजुरांच्या चाळी डोंगराखाली गेल्या. सकाळची वेळ होती. एल्लाला जाणारा पर्यटक जो डोंगर फोटोत बघतो, त्याच डोंगररांगेतली ही जागा.

मी घाबरवत नाही, काय बघायचं ते सांगते. एका ऑक्टोबरात आम्ही वेलिमडकडून नुवर एलियाला येत होतो, संध्याकाळचे पाच. एका वळणावर ड्रायव्हर अय्यानं (अय्या म्हणजे मोठा भाऊ) गाडी थांबवली आणि छत्री न घेता खाली उतरला. रस्त्याला लागून कापलेली दरड होती, तिच्यातून पाणी झिरपत होतं. तो वाकून बघत राहिला. मला पाणी म्हणजे पाणी दिसलं. त्यानं ओंजळीत घेऊन दाखवलं. लाल, गाळानं दाट. "सकाळी इथून गेलो तेव्हा स्वच्छ होतं," एवढंच म्हणाला आणि गाडी वळवली. रात्र वेलिमडच्या एका घरगुती खोलीत काढली. पुढचं नुवर एलियाचं बुकिंग होतं, त्याचे पैसे परत मिळाले नाहीत. दरड त्या रात्री आली की नाही मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही.

झिरपणारं पाणी अचानक गढूळ होणं, झाडं किंवा खांब कललेले दिसणं, रस्त्याला नवी भेग, नेहमी वाहणारा झरा एकाएकी बंद पडणं. यातलं काही दिसलं तर मागे फिरा. तिथली राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था जिल्ह्या-तालुक्यावार दरडींचे इशारे देते: पिवळा, नारिंगी, लाल. नारिंगी असेल त्या तालुक्यात मुक्काम करू नका, लाल असेल तिकडून निघा. आपत्ती व्यवस्थापन केंद्राचा क्रमांक ११७. डोंगरात रात्री प्रवास नाही, हे पक्कं.

तुम्हाला माझा सल्ला: लग्नानंतरची पहिली सहल जानेवारी अखेर किंवा फेब्रुवारीत न्या. कँडी, नानुओया, एल्ला आणि मग खाली दक्षिण किनारा, हा अख्खा मार्ग तेव्हा उत्तम. दिवाळीची रजा घरच्यांसाठी ठेवा, पहिली दिवाळी आहे.

निरांजन

सासरकडूनही पहिल्या दिवाळीचं हेच ऐकतोय. फेब्रुवारी बघतो. मनापासून आभार, दरड वगैरे डोक्यातच नव्हतं.

कोथिंबीर

आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. पावसाळ्यात बाहेरचं खाणं किती सुरक्षित?

पागोळी

भात आणि चार-पाच भाज्या ही तिथली रोजची थाळी, शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी (पोलोस) जरूर खा. इडिआप्पम म्हणजे आपले शिरवळेच, फक्त नारळाच्या गोड रसाऐवजी डाळीबरोबर आणि सांबोल नावाच्या चटणीबरोबर. एकच सांभाळा. नारळाच्या सांबोलात आणि कित्येक भाज्यांत 'उंबलकड' घालतात, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा. "मासे नाहीत ना?" विचारलं तर नाही म्हणतील, कारण त्यांच्या लेखी तो मसाला आहे. "उंबलकड आहे का" असं नाव घेऊन विचारा. पाणी बंद बाटलीतलं किंवा रस्त्याकडेचं केशरी शहाळं, तंबिली. चिरून ठेवलेली फळं पावसात नकोच.

पौर्णिमेचंही लिहायचं राहिलं. दर पौर्णिमेला तिथे 'पोया'ची सार्वजनिक सुट्टी असते, मद्यविक्री बंद, मांसाची दुकानं बंद, देवळांत आणि रस्त्यावर गर्दी. कालनिर्णयात पौर्णिमा बघून मार्गावर खूण करा, तारीख क्वचित पुढेमागे होते तेवढी तिथल्या यादीत ताडून घ्या. वेसकला गावोगाव कागदी आकाशकंदील लागतात आणि 'दन्सल' म्हणून रस्त्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण देतात. तेव्हा असाल तर मुद्दाम थांबा. पोसोन म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमा, तेव्हा अनुराधपुरात पाय ठेवायला जागा नसते. कँडीची एसल पेराहेरा ही मोठी मिरवणूक जुलै-ऑगस्टात, निकिनि म्हणजे श्रावण पौर्णिमेला संपते, त्या दहा दिवसांत कँडीत खोल्यांचे दर कडाडतात.

गवतीचहा

सामानाचं सांगा ना. पाच जणांचे रेनकोट घ्यायचे का?

पागोळी

नको. तिथे खाली उकाडा इतका असतो की रेनकोटात माणूस बाहेरून कोरडा आणि आतून ओला. छत्र्या घ्या, प्रत्येकाला एक, वाऱ्यात उलटणार नाही अशी. डोंगरात एक दिवस जाणार तर हलकं जॅकेट आणि स्वेटर.

बुटांचा विचार सर्वांत जास्त करा. पाय ओले राहिले की चौथ्या दिवशी बोटांच्या बेचक्यात कातडी सोलवटते आणि सुट्टी तिथेच संपते. चांगल्या पकडीचे सँडल रोजचे, बूट फक्त चढायच्या दिवशी. भिजले तर तळ काढून आत जुनं वर्तमानपत्र कोंबायचं, झोपायच्या आधी एकदा बदलायचं, सकाळी बरेच कोरडे मिळतात. आई शाळेच्या बुटांना हेच करायची. कपडे पातळ, लवकर वाळणारे, जीन्स अजिबात नाही. सात-आठ हात नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे न्या. एसीच्या खोलीत कपडे वाळत नाहीत असं लोकांना वाटतं, उलट एसीनं हवा कोरडी होते. दोरी एसीच्या वाऱ्यासमोर बांधा.

देवळांत चप्पल बाहेर काढतात आणि आवार मोठं असतं. उन्हात दगड तापतो, पावसात शेवाळतो. सासूबाईंना जाड सुती मोजे द्या, मोजे घालून जायला चालतं. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, मुलांना आधीच सांगून ठेवा.

कॅमेरा किंवा फोन एसीतून एकदम बाहेर आणला की काचेवर वाफ धरते, अर्धा तास पिशवीतच राहू द्या. प्लगचे दोन प्रकार आहेत, जुन्या ठिकाणी आपल्यासारखी गोल भोकं, नव्या ठिकाणी चौकोनी, तेव्हा एक अ‍ॅडाप्टर हवा. व्हिसाचे नियम बदलत राहतात, निघायच्या आधी अधिकृत संकेतस्थळावरच बघा, कुणाच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका. माझ्याही.

फोनवरच्या हवामानाच्या चित्रांना घाबरू नका. मेमध्ये दहाही दिवस ढग आणि वीज दिसेल. त्याचा अर्थ बहुतेक वेळा दुपारी दोननंतर तासभर असा असतो. साडेपाचला उठून एकपर्यंतची कामं उरकायची सवय लावा. सिगिरियाला तर दार उघडताच शिरा, बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि वर सावली नाही. गुडघे दुखत असतील तर सासूबाईंनी खालच्या बागांतच फिरावं, त्या स्वतःच बघण्यासारख्या आहेत.

गवतीचहा

तुमच्या सगळ्या सूचना वाचून मार्ग आखला. बघून सांगाल का? १५ ला उतरणार, थेट सिगिरिया, तिथे तीन रात्री. १८ ते २१ निलावेली. २१ ला कँडी, २२ ला कँडी-नानुओया रेल्वे (मुलांचा हट्ट, तिकिटं तीस दिवस आधी उघडतील तेव्हा काढणार). २२ ते २४ नुवर एलिया, सीता एलियाचं देऊळ सासूबाईंसाठी. २५ ला सकाळी तिथून थेट विमानतळ, विमान संध्याकाळी ७ चं आहे.

पागोळी

ठिकाणं सगळी बरोबर, क्रम उलटा करा.

मेच्या तुमच्या दहा दिवसांत पाऊस रोज थोडा थोडा जवळ येत असतो. मोसमी साधारण २० ते २५ च्या सुमारास धडकतो आणि येताना पश्चिम डोंगरावर येतो. २०१६ मध्ये १७ मेला अरनायकेला दरड कोसळली, २०१७ मध्ये मेच्या शेवटच्या आठवड्यात नैऋत्य भागात पूर आणि दरडी, दोनशेच्या वर माणसं गेली. तुम्ही डोंगर नेमका शेवटी ठेवला आहे, आणि डोंगरातून उतरायच्या दिवशीच विमान. रंबोडाचा घाट बंद पडला तर पर्यायी रस्ता लांबचा आणि तोही डोंगरातलाच.

१५ ला नेगोंबोत झोपा. १६ ला कँडी, १७ ला रेल्वेनं नानुओया, दोन रात्री नुवर एलिया, १८ ला सीता एलिया. या आठवड्यातही इशारे बघायचेच, लाल-नारिंगी असेल तर कँडीतच थांबून रेल्वे सोडून द्या, मुलांची समजूत मी काढीन. १९ ला सकाळी लवकर निघून सिगिरिया, पाच-सहा तास धरा. २१ ला निलावेली. २४ ला सकाळी तिथून नेगोंबो, सहा तासांचा कोरड्या पट्ट्यातला सरळ रस्ता. रात्र नेगोंबोत, २५ ला विमान. शेवटची रात्र विमानतळापासून अर्ध्या तासात, यात तडजोड नाही.

सगळी बुकिंगं रद्द करता येतील अशीच घ्या, थोडी महाग पडली तरी. आणि प्रवास विमा काढताना "हवामानामुळे झालेला खोळंबा" त्यात आहे का ते वाचून सही करा.

मुलांना निलावेली शेवटी मिळेल, म्हणजे पोहायचे कपडे ओलेच बॅगेत भरावे लागतील. त्यासाठी एक वेगळी जाड पिशवी ठेवा.

गवतीचहा

क्रम उलटा केला. नुवर एलियाचं बुकिंग आत्ताच बदललं, पैसे कापले नाहीत. सासूबाई विचारत आहेत, निलावेलीला पाण्यात उतरायचं तर साडी चालेल का, त्यांना दुसरं काही घालायचं नाही.

पागोळी

चालेल, तिथल्या तमिळ बायकाही साडीतच उतरतात. सुती किंवा नऊवारी नसली तर बरं, ओली झाली की जड होते. सकाळी सातला न्या, हात धरून, कंबरेच्या खालीच. समुद्र तेव्हा सपाट असतो.